पेढीचा फोन दोरीवाचून

अहिल्यानगरच्या आडते बाजारात, दाळमंडईत किंवा कापड बाजारात दोन-तीन पिढ्यांच्या पेढ्यांवर दूरध्वनीचा क्रमांक हा पेढीच्या नावाइतकाच जुना असतो. पावतीवर, पट्टीवर, दिवाळीच्या कॅलेंडरवर तोच छापलेला. मोबाइल हा थोरल्या मुलाचा किंवा मुनीमजींचा असतो आणि तो माणसाबरोबर निघून जातो. ०२४१ ने सुरू होणारा क्रमांक मात्र पेढीचा. वडिलांच्या वेळेपासून माल नेणारा गावाकडचा दुकानदार आजही तोच फिरवतो. म्हणूनच अनेक कुटुंबांनी ही जोडणी सोडलेली नाही.

अडचण एवढीच की फोन गादीजवळ आणि माल मागच्या गोदामात. ग्राहकाला ‘जरा थांबा’ म्हणून थप्पी मोजायला जावे, तोवर पलीकडून फोन ठेवलेला असतो. बिनतारी हँडसेट, म्हणजे बाजाराच्या बोलीतला कॉर्डलेस, ही अडचण दूर करतो. मात्र तो नीट बसविला पाहिजे.

या संचाचे दोन भाग असतात. बेस हा दूरध्वनीच्या तारेला आणि विजेला जोडलेला राहतो. हँडसेट त्याच्याशी रेडिओलहरींनी बोलतो. बेस कोठे ठेवावा यावरच निम्मे यश अवलंबून असते. माहितीपत्रकात आत ५० मीटर आणि मोकळ्यावर ३०० मीटर असा पल्ला लिहिलेला आढळतो. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती, लोखंडी शटर, तिजोरी आणि गोदरेजची कपाटे यांच्यापुढे तो पुष्कळ घटतो. तिजोरीशेजारी सोयीची जागा दिसते म्हणून बेस तेथे ठेवण्याचा मोह टाळावा. गादी आणि गोदाम यांच्या मधोमध, छातीएवढ्या उंचीवर, वायफायच्या डब्यापासून हातभर दूर तो ठेवावा. मग एकाने हँडसेट घेऊन बोलत बोलत गोदामाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जावे. आवाज तुटू लागला की बेस सरकवावा.

हँडसेटमध्ये पुन्हा चार्ज होणारे सेल असतात. पहिल्या दिवशी माहितीपत्रकात सांगितलेला वेळ ते पूर्ण चार्ज होऊ द्यावेत. पुढे सेल बदलताना घड्याळाचे साधे सेल घालून चार्जिंगवर ठेवणे धोक्याचे आहे. ते फुटू शकतात. दुसरा हँडसेट घेतला, तर त्याची बेसवर नोंदणी करावी लागते. बहुधा बेसवरील बटण काही सेकंद दाबून धरायचे आणि हँडसेटच्या मेनूत नोंदणी निवडायची. सांकेतिक अंक मागितल्यास माहितीपत्रकात दिलेला असतो. हे अंक पहिल्याच दिवशी बदलावेत.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. चार हँडसेट घेतले म्हणजे चार ओळी मिळत नाहीत. ओळ एकच, एकजण बाहेर बोलत असेल, तर दुसऱ्याला थांबावेच लागते. गादीवरून गोदामात आपापसांत बोलणे आणि आलेला फोन दुसऱ्या हँडसेटवर सोपविणे, हा खरा लाभ. मुनीमजींना ही दोन बटणे प्रत्यक्ष दाखवावीत, नाहीतर फोन सोपविताना हमखास कटतो.

व्यापाऱ्याच्या मनात आणखी एक शंका असते : भाव कोणी ऐकेल काय? जुन्या ॲनालॉग संचांबाबत ती खरी होती. शेजारच्या संचावर बोलणे उमटू शकत असे. डिजिटल डेक्ट पद्धतीत नोंदलेला हँडसेटच बेसशी जुळतो आणि बोलणे सांकेतिक करण्याची सोय असते. याच पद्धतीच्या आधारे आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने ‘कॉर्डेक्ट’ विकसित केले, खेड्यापर्यंत तारेवाचून फोन नेण्यासाठी. जुना संच माळ्यावरून काढून वापरण्यात म्हणूनच काटकसर नाही.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. हँडसेटमध्ये साठविलेले जुने क्रमांक त्याप्रमाणे दुरुस्त केले नाहीत, तर ‘फोन बिघडला’ अशी तक्रार सुरू होते.

दुकान खाली आणि घर वर असलेल्या वाड्यांत एक हँडसेट वर जातो. दादाजी ४८ मिनिटांच्या सामायिकात बसले असता तो शेजारी वाजू लागला, तर त्यांना विजेच्या साधनाला हातही लावता येत नाही आणि चित्तही विचलित होते. प्रत्येक हँडसेटची घंटी बहुधा वेगळी बंद करता येते. वरची घंटी सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी बंद ठेवावी, पर्युषणात तर तो हँडसेट खालीच राहू द्यावा.

शेवटी विजेचा प्रश्न. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला एक्सचेंजकडूनच वीज मिळे, त्यामुळे गावाची वीज गेली तरी तो चाले. कॉर्डलेसचा बेस वीज जाताच मुका होतो. जोडणी फायबरची असेल, तर जुना दोरीचा फोन काढून लावूनही उपयोग नाही, कारण फायबरचा मोडेमच बंद पडलेला असतो. दुकानाच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा असतोच; मोडेम आणि बेस या दोन्हींचे प्लग त्याच बोर्डावर घेण्यास वायरमनला फारसा वेळ लागत नाही.