‘हिडन’च्या टिकेपासून ४८ आकड्यांपर्यंत

घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे पाच-सहा जण, अशा दिवसांत आपल्याकडे खासगी फायलींचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुळवून आणलेल्या त्या पीसीवर विंडोज ९८ असे. सुरू होताना पासवर्डाची चौकट येई आणि एस्केप दाबलं की निघून जाई. मग हाती उरे ते लपवणं. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘हिडन’वर टिक.

२००१ मध्ये एक्सपी आलं आणि लपवण्याच्या युक्त्यांना बहर आला. ऑल्ट दाबून ०१६० टाइप केलं की फोल्डरचं नाव कोरं होई. त्याला रिकामा आयकॉन दिला की डेस्कटॉपवर काही दिसतच नसे. रजिस्ट्रीत ‘नोड्राइव्ह्ज’ची नोंद करून तिथे ८ हा आकडा ठेवला की माय कॉम्प्युटरमधून डी ड्राइव्ह गायब. पण रनच्या चौकटीत त्याचं अक्षर आणि कोलन टाइप केलं की तो निमूट उघडे. सगळ्यांत लाडकी होती नोटपॅडमध्ये लिहिलेली ‘लॉकर’ची बॅच फाइल. ती ऐटीत पासवर्ड मागायची. तिच्यावरच राइट क्लिक करून ‘एडिट’ म्हटलं, की तोच पासवर्ड साध्या अक्षरांत समोर दिसायचा.

धाकट्या भावंडांपासून चार फोटो दूर ठेवायला एवढं पुरे होतं, हे मान्य करायला हवं. घात झाला तो या आडोशालाच आपण कुलूप समजू लागलो म्हणून. २००४ नंतर उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरपोच येऊ लागल्या. त्या सीडीवरून कॉम्प्युटर सुरू केला की विंडोजचा पासवर्ड आणि ‘हिडन’ची टिक, दोन्ही निरर्थक. दुरुस्तीवाल्याला तर सीडीचीही गरज नसे; हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली की झालं.

पुढे लपवण्याची हीच युक्ती व्हायरसवाल्यांनी आपल्यावर उलटवली. डीटीपीच्या दुकानातून पेनड्राइव्ह घरी यायचा तेव्हा त्यातले फोल्डर लपलेले असत आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट दिसत. ‘अ‍ॅट्रिब’ची आज्ञा देऊन ते परत दिसते करणं ही त्या काळी कॉलेजातल्या मुलांची हुकमी विद्या होती.

खरं कुलूप फेब्रुवारी २००४ मध्येच आलं होतं, तेही फुकट. ट्रूक्रिप्ट नावाचा प्रोग्राम एक मोठी फाइल बनवी. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडे, न दिला तर आत नुसता अर्थहीन अक्षरांचा ढीग. २००८ मध्ये ब्राझीलच्या पोलिसांनी बँकर दानिएल दान्तास यांच्या अशाच कुलूपबंद हार्ड डिस्क जप्त केल्या. तिथल्या तज्ज्ञांनी पाच महिने आणि मग एफबीआयने वर्षभर प्रयत्न करूनही त्या उघडल्या नाहीत. अशा कुलपाची, म्हणजे एन्क्रिप्शनची, ताकद सांगायला मला याहून बोलका दाखला सापडत नाही.

२८ मे २०१४ रोजी ट्रूक्रिप्टच्या अनाम कर्त्यांनी काम थांबवलं आणि प्रोग्राम आता सुरक्षित नाही असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी पूर्ण झालेल्या तपासणीत मुद्दाम ठेवलेली चोरवाट काही आढळली नाही. त्याच कोडवर उभा असलेला व्हेराक्रिप्ट आजही फुकट मिळतो आणि मी तोच सुचवेन. मायक्रोसॉफ्टचं बिटलॉकर व्हिस्टाबरोबर आलं होतं, पण फक्त महागड्या आवृत्त्यांत. घरगुती गिऱ्हाईक कोरडंच राहिलं.

आता उलटं झालं आहे. २०२४ च्या विंडोज ११ पासून बहुतेक नव्या लॅपटॉपवर, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला पत्ताही नसतो. एखाद्या दिवशी मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अपडेट झालं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्या खात्यात जपलेली असते. पण लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिला असेल, तर ती त्याच्याकडे. मुलांचे लहानपणचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, हिशेब, सगळं आत राहतं आणि दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही.

म्हणून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का, ते आजच बघा. चालू असेल तर राहू द्या. आपल्या खात्यात जाऊन ते ४८ आकडे कागदावर उतरवा, घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.