गाडी एकीकडेच का ओढते?
काशीयात्रेला मोटारीने निघालेली विदर्भातली मंडळी जबलपूर-रीवामार्गे वाराणसी गाठतात. कन्याकुमारीला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्र. ७ तो हाच. वाटेत एखादा खड्डा जोरात बसतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते.

आपले रस्ते कडेला उतरते असल्याने किंचित डावी ओढ असतेच. तिची काळजी नको. जास्त वाटली, तर आधी टायर थंड असताना हवा तपासा. कमी हवेच्या चाकाकडे गाडी ओढते. हवा ठीक असेल, तर पुढची दोन चाके आपसांत बदलून बघा. ओढ दुसरीकडे गेली, तर दोष टायरचा. नाही गेली, तर अलाइनमेंट करून घ्या.

पण ब्रेक दाबतानाच गाडी ओढत असेल, किंवा एकच चाक भलतेच तापत असेल, तर मुलाबाळांना घेऊन पुढे जाऊ नका. जवळच्या गॅरेजमधून मेकॅनिक बोलवा.