रत्नागिरीहून विमान पकडायला निघालात? मुंबईची भुयारी मेट्रो कुठे कामाला येते आणि कुठे नाही, ते समजून घ्या

रत्नागिरी : आखातात नोकरीला असलेला माणूस नाही असं गाव राजापूर, संगमेश्वर, चिपळूण, गुहागर, खेड, दापोली, मंडणगड भागात शोधावंच लागेल. दुबई, कुवेत, मस्कत, दोहा ही नावं इथल्या वाडीवाडीत पाठ आहेत. पण परदेशी जायचं तर आधी मुंबई गाठायची आणि मुंबईत उतरल्यावर विमानतळ गाठायचा. यातला शेवटचा पंचवीस-तीस किलोमीटरचा टप्पाच आजवर सगळ्यात त्रासाचा आणि खर्चाचा ठरत आला. रेल्वेचं तिकीट स्वस्त आणि टॅक्सीचं भाडं त्याच्या दुप्पट-तिप्पट, हा अनुभव घराघरात आहे.

आता मुंबईत विमानतळाखालून थेट रेल्वे धावते. मेट्रो 3, म्हणजेच ‘ॲक्वा लाइन’. कफ परेडपासून आरेपर्यंतचा हा मार्ग 9 ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण लांबीने प्रवाशांसाठी खुला झाला. पण ‘विमानतळावर मेट्रो गेली’ एवढं ऐकून निघालं, तर फसगत होऊ शकते. कोणत्या गाडीने गेलं तर ती मिळते, कोणत्या वेळी ती बंद असते, कुठल्या स्टेशनवर उतरायचं हे आधी माहीत असलेलं बरं.

मार्ग आहे तरी कसा?

मेट्रो 3 ची लांबी 33.5 किलोमीटर. स्टेशनं 27, त्यातली 26 जमिनीखाली. फक्त आरे हे शेवटचं स्टेशन जमिनीवर आहे. दक्षिणेकडून निघाल्यावर कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, वरळी, सिद्धिविनायक, दादर, धारावी, बीकेसी, सांताक्रूझ अशी महत्त्वाची ठिकाणं लागतात. त्यानंतर विमानतळाची दोन स्टेशनं येतात, टी 1 आणि टी 2. या दोघांच्या मध्ये सहार रोड हे आणखी एक स्टेशन आहे.

हा मार्ग एका दिवसात सुरू झाला नाही. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये, बीकेसी ते आचार्य अत्रे चौक हा दुसरा मे 2025 मध्ये आणि तिथून कफ परेडपर्यंतचा शेवटचा ऑक्टोबर 2025 मध्ये. सुरुवातीला 23,136 कोटी रुपयांचा असलेला खर्च शेवटी 37,276 कोटींवर गेला. जपानच्या ‘जायका’ संस्थेचं कर्ज त्यात आहे. आरेच्या कारशेडवरून झालेला वाद, झाडांची तोड, कोर्टकचेऱ्या यात बराच काळ गेला. शिवाय मुंबईच्या पोटात काळा कातळ. 17 बोगदा यंत्रं लावून, मिठी नदीच्या खालून हा रस्ता काढावा लागला.

आपली गाडी कुठे थांबते, त्यावर सगळं अवलंबून

कोकण रेल्वेच्या गाड्या मुंबईत एकाच ठिकाणी जात नाहीत. म्हणून मार्गही वेगवेगळे.

सीएसएमटीला उतरणारे : कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला पोहोचते. मेट्रोची पहिली गाडी सकाळी सहाच्या सुमारास सुटते. म्हणजे हा मेळ चांगला बसतो. रेल्वे स्टेशनातून बाहेर आलं की मेट्रोचं स्टेशन समोरच आहे. इथून टी 2 पर्यंत पाऊण तास धरून चालावं. ट्रॅफिकचा प्रश्न नाही, सिग्नल नाही.

दादरला उतरणारे : तुतारी सकाळी दादरला येते. दादरलाही मेट्रो आहे, पण ती रेल्वेच्या फलाटाला लागून नाही. पूल ओलांडून पश्चिमेला यायचं आणि सेना भवनाच्या दिशेने चालायचं. एक बॅग असेल तर काही वाटत नाही. दोन मोठ्या बॅगा, सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर दादरपेक्षा सीएसएमटी सोयीचं, नाही तर सरळ टॅक्सी करावी.

ठाण्याला किंवा दिव्याला उतरणारे : इथे मेट्रो 3 नाही, पण मेट्रो 1 कामाला येते. लोकलने घाटकोपरला यायचं. घाटकोपर स्टेशनच्या पुलावरूनच मेट्रो 1 ला जाता येतं. ही मेट्रो 2014 पासून घाटकोपर ते वर्सोवा धावते. तिने मरोळ नाक्याला उतरायचं, तिथून खाली मेट्रो 3 मध्ये जायचं आणि एकच स्टेशन पुढे टी 2. कोविडनंतर दादरऐवजी दिव्यापर्यंतच धावू लागलेल्या रत्नागिरी पॅसेंजरच्या प्रवाशांना सगळ्यात स्वस्त पडणारा मार्ग हाच. मात्र सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या वेळेत घाटकोपरला पाय ठेवायला जागा नसते. मोठं सामान घेऊन त्या वेळी जाऊ नये.

कुर्ला टर्मिनसला उतरणारे : एलटीटीला मेट्रो नाही. रिक्षाने घाटकोपर गाठून वरच्याच मार्गाने जाता येतं. सामान जास्त असेल तर तिथून थेट विमानतळाची रिक्षा किंवा टॅक्सी बरी.

एसटीने जाणारे : मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोजवळ मेट्रोचं स्टेशन आहे. त्याला जगन्नाथ शंकरशेठ यांचं नाव दिलंय. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, ती उभी करणाऱ्यांत हे नाना शंकरशेठ होते. रात्रीच्या एसटीने सकाळी उतरणाऱ्यांना हे स्टेशन उपयोगी.

खरी अडचण रात्रीची

मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होते. आणि आखाताकडे जाणारी बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. तीन तास आधी पोहोचायचं म्हटलं, तर पहाटे पाचच्या विमानासाठी रात्री दोनला विमानतळावर हजर पाहिजे. त्या वेळी मेट्रो नाही.

दुसरी गोष्ट, मांडवी रात्री सीएसएमटीला पोहोचते, वंदे भारत त्याहून उशिरा आणि जनशताब्दी तर मध्यरात्रीच्या आसपास. मांडवी वेळेवर आली तर शेवटच्या मेट्रो मिळतील. तासभर लेट झाली की संपलं. वंदे भारत आणि जनशताब्दीच्या प्रवाशांनी मेट्रोवर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात, दरड आली तर अडकतात. त्या महिन्यांत विमानाच्या दिवशीच पोहोचणारी गाडी पकडणं म्हणजे जुगार.

यावर उपाय एकच, हिशोब उलटा मांडायचा. विमान किती वाजता, त्याच्या तीन तास आधी विमानतळ, त्याच्या दोन तास आधी मुंबईचं रेल्वे स्टेशन. ही वेळ रात्री नऊच्या आत येत असेल तरच मेट्रो धरा. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर सकाळी किंवा दुपारी मुंबई गाठून, संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर, साडेआठ-नऊच्या मेट्रोने टी 2 ला जाऊन बसणं सुरक्षित. चार तास बाकावर बसावं लागेल, पण व्हिसाची मुदत आणि हजारो रुपयांचं तिकीट पणाला लागणार नाही.

परत येणाऱ्यांनाही हेच लागू. मध्यरात्री विमान उतरलं तर पहिली मेट्रो सकाळी सहालाच. पहाटे सीएसएमटीहून सुटणारी जनशताब्दी किंवा वंदे भारत मेट्रोने मिळणार नाही. संध्याकाळी उतरलेल्यांना मात्र रात्री अकराच्या सुमारास सुटणाऱ्या कोकणकन्येसाठी मेट्रो उत्तम.

टी 1 की टी 2?

सगळी परदेशी विमानं टी 2 वरून सुटतात. देशातली विमानं दोन्हीकडून. तिकिटावर टर्मिनल लिहिलेलं असतं, ते घरूनच बघून ठेवावं. मेट्रोच्या दोन स्टेशनांत गल्लत झाली तर पुन्हा गाडी पकडावी लागते. आणखी एक गल्लत मेट्रो 1 वर होते. तिथे ‘एअरपोर्ट रोड’ नावाचं स्टेशन आहे. नाव ऐकून लोक उतरतात, पण ते टर्मिनलचं स्टेशन नव्हे. मरोळ नाक्यालाच उतरून गाडी बदलायची.

टी 2 स्टेशनवर उतरलं म्हणजे विमानाच्या दारात उतरलं असंही नाही. स्टेशन खोल जमिनीत आहे. लिफ्टने, सरकत्या जिन्याने वर येऊन पाट्या बघत टर्मिनलपर्यंत जावं लागतं. त्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवावा.

तिकीट, मोबाइल आणि सामान

भाडं अंतराप्रमाणे 10 रुपयांपासून 70 रुपयांपर्यंत. संपूर्ण मार्गाचे 70, त्यामुळे विमानतळापर्यंत त्याहून कमीच. चौघांचं कुटुंब गेलं तरी टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. तिकीट खिडकीवर, मशीनवर आणि मोबाइलवरही निघतं. ‘मुंबई वन’ हे ॲप ऑक्टोबर 2025 मध्ये आलं. त्यात लोकल, मेट्रो, बस अशा 11 सेवांचं तिकीट एकाच ठिकाणी काढता येतं.

एक लक्षात ठेवा, भुयारात मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही. मेट्रोचं तिकीट, विमानाचं तिकीट, व्हिसाची प्रत यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. घरच्यांना फोनही खाली उतरण्याआधी करा, नाही तर इकडे जीव टांगणीला.

सामानाचं म्हणाल तर मेट्रोत प्रत्येक बॅग मशीनमधून तपासली जाते आणि वजन-आकाराला मर्यादा असते. दोरीने बांधलेली खोकी, आंब्याच्या पेट्या, तांदळाची गोणी घेऊन गेलं तर दारातच अडवू शकतात. चाकांची एक बॅग आणि खांद्यावर एक पिशवी, एवढ्या सामानाला मेट्रो सोयीची.

दिल्लीत यासाठी वेगळी सोय आहे. तिथली एअरपोर्ट एक्स्प्रेस 2011 मध्ये सुरू झाली, ती खास विमान प्रवाशांसाठी. मोजकीच स्टेशनं आणि काही विमान कंपन्यांचं सामान नवी दिल्ली स्टेशनवरच जमा करता येतं. मुंबईची मेट्रो तशी नाही. ती रोजच्या नोकरदारांची गाडी आहे, विमानतळ हे तिच्या वाटेवरचं एक ठिकाण. म्हणून स्वस्त आहे आणि म्हणूनच गर्दीचीही.

पावसात काय?

26 मे 2025 रोजी मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं आणि त्या भागातली सेवा थांबवावी लागली होती. स्टेशन सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी बातम्या बघून निघावं आणि टॅक्सीपुरते पैसे खिशात वेगळे ठेवावेत.

पनवेलच्या विमानतळाचं काय?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली, सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. कोकणवासीयांसाठी हा विमानतळ जास्त जवळचा. पनवेलला आपल्या बहुतेक गाड्या थांबतात, मुंबईत शिरायचीच गरज नाही. नेरूळ-उरण लोकल मार्गावरचं तरघर हे स्टेशन विमानतळाजवळ पडतं. दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो 8 आखलेली आहे, पण ती व्हायला वेळ आहे. तोवर पनवेलहून बस किंवा रिक्षा-टॅक्सी हाच रस्ता. तिकीट काढताना विमान कोणत्या विमानतळावरून आहे ते नीट वाचा. दोन्हींच्या नावात ‘मुंबई’ आहे आणि मध्ये खाडी आहे.

रत्नागिरीने यातून काय घ्यावं?

रत्नागिरीतही मिरजोळ्याला तटरक्षक दलाच्या धावपट्टीशेजारी प्रवासी टर्मिनलचं काम हाती घेतलेलं आहे. पण आपल्याकडे रेल्वे स्टेशन कुवारबावला, एसटी स्टँड शहरात आणि विमानतळ तिसरीकडे. शेजारच्या सिंधुदुर्गात चिपी विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला. तो रेल्वे स्टेशनपासून लांब आहे आणि मुंबईच्या विमानसेवेत मध्येच खंडही पडला. रत्नागिरीत मेट्रोची गरज कुणी सांगणार नाही. पण रेल्वे आणि विमानाच्या वेळा बघून सुटणारी स्टेशन-स्टँड-विमानतळ अशी एसटीची एक शहर बस तरी पहिल्या दिवसापासून हवी. ती मागणी ग्रामपंचायती, नगर परिषद आणि लोकप्रतिनिधींनी टर्मिनलची फीत कापायच्या आधी करायला हवी. मुंबईत विमानतळ आधी झाला आणि रेल्वे त्याच्यापर्यंत पोहोचायला कित्येक दशकं गेली. तोवर टॅक्सीचं भाडं भरलं ते तुमच्या-आमच्या घरच्या माणसांनीच.