एकच गाणे, पाच खोल्या

ज्या काळी घरात रेडिओ एकच असे, त्या काळी तो दिवाणखान्यातील फळीवर विराजमान होई, आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींना ऐकू यावा म्हणून त्याचा आवाज वाढवावा लागे. काही हौशी घरांतून यावर एक सोपा तोडगा निघे. मोठ्या रेडिओसंचाच्या पाठीमागे जादा स्पीकर जोडण्याची सोय असे. तेथून दोन तारा काढून दाराच्या चौकटीवरून आत नेल्या आणि माजघरात लाकडी पेटीतला एक स्पीकर टांगला, की बाहेरचे गाणे आत वाजू लागे. ही कल्पना तर रेडिओहूनही जुनी. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहातील गायन टेलिफोनच्या तारांनी प्रदर्शनाच्या दालनात आणून लोकांना ऐकविले होते. या सर्व व्यवस्थांत एक गुण समान होता. तारेतून ध्वनीचेच विद्युत् रूप धावत असल्यामुळे दोन्ही टोकांना सूर जणू एकाच क्षणी उमटे.

आजच्या घरात चित्र पालटले आहे. दिवाणखान्यात दूरचित्रवाणी, मुलांच्या खोलीत संगणक, ओट्याशेजारी मोबाइल, आणि मागील खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या उशाशी एक लहानसा स्पीकर. या सर्वांना गाणे, चित्रपट, कीर्तन पोचवावयाचे असते, आणि ते काम एका राउटरवर सोपविलेले असते. घडते असे, की दिवाणखान्यात सर्व काही सुरळीत चालते, पण मागील खोलीत कीर्तन ऐन रंगात आले असता अडखळते. घरचा कर्ता इंटरनेट पुरविणाऱ्याला दोष देतो, अधिक वेगाची आणि अर्थातच अधिक दामाची जोडणी घेतो, आणि महिनाभराने पाहतो तो कीर्तन पूर्वीसारखेच अडखळत असते.

येथे थोडा हिशेब मांडणे इष्ट. सीडीच्या दर्जाच्या संगीतात दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, अर्थात १.४ मेगाबिट. एमपी३ या आटोपशीर रूपाला तर जास्तीत जास्त ०.३२ मेगाबिट पुरतात. पाच खोल्यांत सीडीच्या दर्जाची पाच निरनिराळी गाणी लावली, तरी एकूण मागणी सात मेगाबिटांच्या आसपासच राहते. ४के चित्रपटाची भूक मोठी, पण तीही बहुधा १५ ते २५ मेगाबिटांत भागते. घरात १०० मेगाबिटांची जोडणी असताना कीर्तन अडखळते, ते बाहेरचा ओघ तोकडा पडतो म्हणून क्वचितच. पाणी नळापर्यंत भरपूर आले आहे, ते नळापासून मागल्या खोलीपर्यंत नेणारी वाट मात्र बुजलेली आहे.

वायफाय म्हणजे अखेर रेडिओलहरीच. त्यांचे दोन पट्टे विशेष प्रचारात आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची सुमारे साडेपाच. पहिली भिंतीतून त्यातल्या त्यात बरी पार होते, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह शेगडी यांची दाटी असते. दुसऱ्या पट्ट्यात मोकळीक पुष्कळ, पण तिला भिंत सोसत नाही. गोव्यातील चिऱ्याची घरे, बेळगावकडील दगडी घरे, इंदूर-ग्वाल्हेरचे जुने वाडे यांच्या दीड-दोन फुटी भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात, आणि त्याच भिंती लहरींना अडवितात. सिमेंटच्या नव्या सदनिकांतूनही स्लॅबमधील लोखंडी जाळी, मोठा आरसा, लोखंडी कपाट, पाण्याने भरलेली टाकी हे सारे वाटेत उभे असतातच.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वायफायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. इतरांनी तोवर थांबावयाचे. जे उपकरण दूरच्या खोलीत आहे, त्याला आपले म्हणणे नीट पोचावे म्हणून सावकाश बोलावे लागते. ते जितके सावकाश बोलेल, तितका वेळ सर्वांना खोळंबावे लागेल. मागील खोलीतला दुबळा स्पीकर अशा रीतीने दिवाणखान्यातील चित्रपटाचाही वेळ खातो. यावर उपाय म्हणून बाजारातून ‘रिपीटर’ आणला जातो. रिपीटर ऐकलेले पुन्हा उच्चारतो. साध्या रिपीटरला दोन्ही कामे एकाच वाहिनीवर करावी लागत असल्याने त्याचा निम्मा वेळ पुनरुच्चारातच जातो. शिवाय तो बसविला जातो बहुधा त्या खोलीत, जेथे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही!

जाणत्या मनुष्याचा उपाय जुनाच आहे: तार. जे उपकरण जागचे हलत नाही त्याला तार द्यावी, आणि हवा हलणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी. दूरचित्रवाणी, मेजावरील संगणक, भिंतीलगतचा संगीतसंच ही बिऱ्हाडे स्थिर असतात. त्यांना वायफायवर ठेवण्याचे कारण नाही. लॅन केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा असतात, त्यांच्या चार जोड्या एकमेकींना पीळ घालून बसविलेल्या असतात. पिळामुळे बाहेरून येणारा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. अशी कॅट-६ जातीची केबल १०० मीटर अंतरापर्यंत सेकंदाला १,००० मेगाबिट निर्वेधपणे वाहून नेते, आणि बहुतेक राहत्या घरांत सर्वांत लांबचा फेराही ४०-५० मीटरांत आटोपतो. राउटरपाशी एक लहानसा ‘स्विच’ ठेवला, की त्यातून प्रत्येक खोलीला स्वतंत्र फाटा काढता येतो.

केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा देऊन केलेली स्वस्त केबल राजरोस विकली जाते. ती नियमांत बसत नाही, वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. शुद्ध तांब्याची केबल आहे की नाही, हे टोक किंचित खरवडून पाहिल्यास कळते. दगडी भिंत फोडण्याचीही फारशी गरज पडत नाही. दाराच्या चौकटीचा कोपरा, माळ्यावरील तुळईची कड, जुन्या टेलिफोनच्या तारेने केलेले भोक हे मार्ग आयतेच असतात. विजेच्या तारा ज्या नळीतून जातात तीतून ही केबल नेऊ नये. वेगळी नळी घालावी. अंगणापलीकडे स्वतंत्र खोली असेल, तर तेथवर तांबे नेण्यापेक्षा काचतंतूची केबल न्यावी, कारण पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की दोन इमारतींमधील तांब्याची तार उपकरणे जाळण्याचा मार्ग ठरते.

भिंती जाड असल्यास मागील भागात वायफायचे दुसरे केंद्र लागतेच, पण त्यालाही मुख्य राउटरपासून तारच पोचवावी. पुष्कळ घरांत यासाठी जुना राउटर कामी आणला जातो, आणि तेथेच एक घोटाळा उद्भवतो. राउटरचे एक काम घरातील उपकरणांना पत्ते वाटण्याचे असते. दोन राउटर पत्ते वाटू लागले, म्हणजे एकाच घराची दोन गावे होतात, आणि दिवाणखान्यातील मोबाइलला मागील खोलीतला स्पीकर दिसेनासा होतो. यंत्र बिघडले म्हणून दुकानात परत नेलेल्या स्पीकरांपैकी कित्येकांचा गुन्हा एवढाच असतो. दुसऱ्या राउटरच्या मांडणीत जाऊन त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ करावे, म्हणजे पत्ते वाटण्याचा अधिकार एकाकडेच राहतो.

इतके झाले की गाणे पाचही खोल्यांत पोचते, पण एकाच क्षणी पोचत नाही, आणि जुन्या दोन तारांची आठवण येते ती येथे. आता तारेतून ध्वनी धावत नाही, आकड्यांची पुडकी धावतात. ती मागेपुढे पोचतात, म्हणून प्रत्येक स्पीकर थोडा साठा करून मग वाजवू लागतो. शिवाय प्रत्येकाच्या पोटात स्फटिकाचे आपले घड्याळ असते, आणि दोन घड्याळे कधी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांत दहा लाखांत पन्नासाइतका फरक असला, तरी तासाभरात १८० सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. हेल्मुट हास याने १९४९ साली दाखवून दिले, की दोन ध्वनींत तीस-चाळीस सहस्रांश सेकंदांपर्यंत अंतर असेल तर कान त्यांना एकच समजतो. त्यापलीकडे प्रतिध्वनी जाणवू लागतो. म्हणजे भजनाला बसल्यावर तासाभरात ओसरीवरील टाळ आणि माजघरातील टाळ यांची फारकत होणार.

स्नॅपकास्टसारख्या विनामूल्य प्रणाली हे दुखणे असे बरे करतात: प्रत्येक पुडक्यावर ‘अमुक क्षणी वाजवावे’ असा शिक्का मारला जातो, स्पीकर मध्यवर्ती संगणकाला वारंवार वेळ विचारून आपले घड्याळ जुळवितो, आणि मागे-पुढे झाल्यास एखादा नमुना गाळतो किंवा घालतो. कानाला त्याचा पत्ता लागत नाही. याची किंमत म्हणजे सारे गाणे सेकंदभर उशिरा वाजते. संगीतास हे चालते. क्रिकेटच्या समालोचनात मात्र बळी गेल्याचा ओरडा शेजारच्या घरातून आधी येतो, त्याला इलाज नाही.

राहता राहिला साठ्याचा प्रश्न, आणि घरच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. भाड्याने ऐकलेले संगीत वर्गणी थांबताच थांबते. बाहेरची तार तुटली तरी थांबते. परंतु फडताळातल्या त्या जुन्या कॅसेटी, ज्यांवर आजीच्या ओव्या आहेत, मुंजीतील गडबड आहे, कुणा गेलेल्या मावशीचे हसणे आहे, त्या कोणत्याही कंपनीच्या भांडारात मिळावयाच्या नाहीत. तासाभराची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरविली तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक या रूपात, ज्यात काहीही हरवत नाही, बहुधा निम्मी पुरते. शंभर कॅसेटी एक टेराबाइटच्या डिस्कचा कोपराही भरणार नाहीत. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, त्याला ही डिस्क, त्यावर जेलीफिनसारखी विनामूल्य प्रणाली, आणि राउटर व स्विच यांच्यासह या सर्वांना वीज खंडित झाल्यावर तग धरण्यापुरती लहान बॅटरी, एवढ्यावर घरचा साठा उभा राहतो, आणि बाहेरचे इंटरनेट बंद असतानाही बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरवर वाजतो. डिस्क मात्र आज ना उद्या बिघडतेच. म्हणून साऱ्याची दुसरी प्रत बहिणीच्या किंवा भावाच्या घरी, दुसऱ्या गावी ठेवावी.

कॅसेट वाजविणारे यंत्र चालू आहे तोवरच हे काम हाती घेतलेले बरे. कोणत्या कॅसेटवर कुणाचा आवाज आहे, हे सांगणारे माणूस बहुधा त्या मागील खोलीतच असते. पहिली तार तेथवर न्यावी, आणि उतरविलेली पहिली कॅसेट लावून, नावे टिपून घेण्यास वही घेऊन, तेथेच बसावे.