पिंजऱ्यातला सोबती : माया, आरोग्य आणि कायदा

मुले शिक्षण-नोकरीनिमित्त दूर गेली, जोडीदाराची साथ सुटली, की घरातील शांतता उतारवयात जड वाटू लागते. अशा वेळी कुणी मायेने पोपट आणून देते, तर कुणी काचेच्या पेटीतले इवलेसे कासव. घरात काही सजीव हालचाल असावी, कुणाला तरी वेळेवर खाऊ घालावे, ही ओढ स्वाभाविक आहे आणि मनाला उभारी देणारीही आहे. मात्र कायदा काय सांगतो, आपल्या प्रकृतीला काय सोसेल आणि आपल्यानंतर त्या जिवाचे काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे तो घरी येण्यापूर्वीच शोधलेली बरी.

ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यात राघू असावा आणि त्याला ‘विठू विठू’ म्हणायला शिकवावे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळेच लाल चोचीचा हा देशी पोपट पाळणे गुन्हा आहे, हे ऐकून अनेक ज्येष्ठांना नवल वाटते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला, तसेच पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेल्या स्टार कासवाला संरक्षण दिले आहे. अशा गुन्ह्यासाठी ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा याहून कठोर आहे.

विदेशी प्राण्यांचे नियम वेगळे आहेत. आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, इग्वाना, बॉल पायथन यांसारख्या प्राण्यांच्या व्यापारावर ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण असते. २०२२च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात या प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली आणि २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळामार्फत करणे बंधनकारक झाले. प्राण्याचा जन्म, मृत्यू वा हस्तांतरणही कळवावे लागते. भेट म्हणून आलेल्या प्राण्यालाही ही सूट नाही. म्हणून देणाऱ्याकडून त्याची कागदपत्रे अवश्य मागून घ्यावीत. बजरिगर व कॉकटील हे पक्षी ‘साइटिस’च्या यादीत नाहीत. कुत्रा पाळायचा असल्यास मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस आवश्यक असते.

आता प्रकृतीचा विचार. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यास ‘सिटॅकोसिस’ हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. ती साध्या फ्लूसारखीच दिसत असल्याने, घरात पक्षी आहे ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. कासवे आणि सरडे निरोगी दिसत असूनही त्यांच्या अंगावर ‘साल्मोनेला’ जंतू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेत ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री १९७५पासून बंद आहे. ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि ५ वर्षांखालील मुले यांना या संसर्गाचा धोका अधिक. म्हणजे आजी-आजोबा व नातवंडे, दोघेही जोखमीच्या गटात. पिंजरा कोरडा झाडू नये; तो ओला करून, तोंडाला मास्क लावून स्वच्छ करावा. कासवाची पेटी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये. प्राण्याला हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत. दमा वा फुप्फुसाचा जुना विकार असेल, तर पक्षी आणण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरा प्रश्न आयुर्मानाचा. आफ्रिकन ग्रे पोपट ४० वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकतो. सत्तरीत आणलेला पक्षी मागे राहणार, हे उघड आहे. त्याची जबाबदारी पुढे कोण घेणार, हे घरात मोकळेपणाने बोलून ठेवावे. अनेकदा निरुपाय झाला, की पिंजऱ्याचे दार उघडून ‘मुक्ती’ दिली जाते आणि कासव देवळाच्या तळ्यात सोडले जाते. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. ती मुक्ती त्याच्या जिवावर बेतते. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवे तर आपल्या तळ्यांतील स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावतात. देशी पोपट वा स्टार कासव घरात असेल, तर ते बाहेर न सोडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधून स्वाधीन करावे.

घरात प्राणी नसला, तरी आपला या विषयाशी संबंध संपत नाही. दिवसाचा मोठा भाग गॅलरीत वा खिडकीशी घालवणाऱ्या ज्येष्ठांना गल्लीतले बरेच काही दिसते : आखूड साखळीने दिवसभर बांधलेला कुत्रा, पंख पसरता येणार नाहीत अशा पिंजऱ्यातील पक्षी, कुलूपबंद घरात अन्नपाण्यावाचून राहिलेले जनावर. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमानुसार हे सारे गुन्हे आहेत. त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही केवळ १० ते ५० रुपये आहे, ही खंत आहेच. परंतु प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाखाली ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

तक्रार करताना स्वतः भांडणात उतरू नये. तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट वहीत टिपून ठेवावी. नातवंडांच्या मदतीने छायाचित्र घ्यावे. प्रसंग तातडीचा असल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे. एरवी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि तिची प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे पाठवावी. वन्यप्राणी असल्यास १९२६ हाच क्रमांक उपयोगी पडतो.

शेजाऱ्याविरुद्ध लिहिताना मन कचरते, हे खरे. म्हणून आधी सौम्य शब्दांत समजावून पाहावे. अनेकदा अज्ञानच आड येत असते आणि ज्येष्ठांचा शब्द सहसा मोडला जात नाही. तेवढ्याने भागले नाही, तर मात्र गप्प राहू नये. मुक्या जिवाला आपली व्यथा सांगता येत नाही. ती पाहणाऱ्यालाच सांगावी लागते.