गाठीतून हरवलेले जनुक

प्रौढ माणसाच्या आतड्यात अन्नपाणी, लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस मिळून दिवसाला सुमारे ८ ते ९ लिटर द्रव उतरतो. त्यातला जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि बाकीचे पाणी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, मागोमाग रक्तात परत शोषले जाते. आतड्याच्या अस्तरपेशींच्या पृष्ठभागावर त्यासाठी वाहक प्रथिने बसवलेली असतात: एक प्रथिन हायड्रोजन आयन बाहेर सोडून सोडियम आत घेते, तर दुसरे बायकार्बोनेट देऊन क्लोराइड घेते, आणि अशा रीतीने मीठ व त्यापाठोपाठ पाणी शरीरात राहते. या दुसऱ्या प्रथिनाचे जनुक मात्र पचनाच्या अभ्यासकांना नव्हे, तर कर्करोगाच्या संशोधकांना प्रथम सापडले.

मोठ्या आतड्याच्या निरोगी अस्तरातील जनुकीय संदेशांतून गाठीतले संदेश वजा केले, तर गाठीत गप्प झालेली जनुके उरतात, या तत्त्वावर अमेरिकेतील श्वाइनफेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये असे एक जनुक वेगळे काढले. ते निरोगी अस्तरात सक्रिय होते, पण अडेनोमात, म्हणजे कर्करोगापूर्वीच्या ग्रंथीय गाठीत, तसेच प्रत्यक्ष कर्करोगातही मंदावलेले होते, म्हणून त्याला ‘अडेनोमात मंदावलेले’ अशा अर्थाचे डीआरए हे नाव मिळाले. त्याआधी दोनच वर्षे एपीसी हे मोठ्या आतड्यातील गाठींना आवर घालणारे जनुक उजेडात आले होते, त्यामुळे डीआरएही त्याच जातीचे असावे अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते.

उलगडा झाला तो फिनलंडमध्ये. जन्मजात क्लोराइड अतिसार हा दुर्मीळ आनुवंशिक विकार १९४५ मध्ये प्रथम वर्णिला गेला. त्यात गर्भाच्याच आतड्यातून द्रव वाहत असल्याने आईच्या गर्भाशयात पाणी वाजवीपेक्षा जास्त साठते, मूल बहुधा दिवस भरण्याआधी जन्मते, आणि क्लोराइड मलावाटे निघून गेल्याने त्याचे रक्त अल्कधर्मी होत जाते. सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आयुष्यभर पाजत राहिले तर ते जगते. फिनलंडच्या जुन्या, तुटक वस्त्यांत हा दोष पिढ्यानपिढ्या टिकला. तेथील युहा केरे, पिया होग्लुंड आणि सहकाऱ्यांनी या विकाराचा माग सातव्या गुणसूत्रावर काढला आणि १९९६ मध्ये त्याचे मूळ डीआरएमध्येच असल्याचे दाखवले. ७६४ अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनातील ३१७ व्या जागेवरचे एकच आम्ल गळणे हे बहुतेक सर्व फिनिश रुग्णांतील कारण होते. १९९९ मध्ये उंदराच्या जनुकावरील प्रयोगांनी ते क्लोराइड व बायकार्बोनेट यांची अदलाबदल करणारे प्रथिन घडवते, हेही सिद्ध केले.

मग गाठीतून ते नाहीसे का होते? आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशी मूलपेशी विभाजित होतात, नव्या पेशी वर सरकत प्रौढ होतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. डीआरए मुख्यतः वरच्या, प्रौढ पेशींत आढळते. एपीसी निकामी झाले की पेशी प्रौढ न होता विभाजित होत राहतात, त्यामुळे प्रौढपणी करायचे काम त्यांच्याकडून सुरूच होत नाही. गाठीत एखादे जनुक गप्प असणे हा तेच गाठीचे कारण असल्याचा पुरावा मानण्याची घाई सहज होऊ शकते. प्रत्यक्षात तो बव्हंशी परिणाम होता.

बव्हंशी म्हणण्याचे कारण असे, की संवर्धित पेशींत डीआरए घातल्यावर त्यांची वाढ मंदावते, आणि २००६ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत अतिसाराबरोबरच मोठ्या आतड्यातील खळग्यांमधला विभाजनाचा पट्टाही रुंदावलेला दिसला. म्हणजे आयनांची ने-आण आणि पेशींची वाढ यांच्यात काही दुवा आहे. तो थेट आहे, की द्रव व आम्लता बिघडल्याने अस्तराने दिलेला तो प्रतिसाद आहे, हे एवढ्यावरून ठरत नाही.

सातव्या गुणसूत्रावरील शेजारी सीएफटीआर या जनुकाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. त्याचे प्रथिन उलट दिशेने, पेशीतून बाहेर, क्लोराइड सोडते. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात ज्या कॉलरा-विषाचे अस्तित्व दाखवले, ते याच वाहिनीला सताड उघडे ठेवते, हे पुढे कळले. सीएफटीआर निकामी असल्याने होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत मोठ्या आतड्याचा कर्करोग सामान्य लोकांपेक्षा जास्त आढळतो, आणि २०१६ मध्ये आतड्यातून हे जनुक काढलेल्या उंदरांत गाठी झाल्याचेही दिसले. २०१८ मध्ये अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांनी या रुग्णांची मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी ४० व्या वर्षापासून, आणि अवयवरोपण झालेल्यांची ३० व्या वर्षापासून, सुरू करावी असे सांगितले.