सातासमुद्रापलीकडची पाठराखीण

नवी नवरी सासरी निघाली, की तिच्याबरोबर पाठराखीण धाडण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. पाठराखीण काही मोठे काम करीत नाही. परक्या घरात जे विचारायला नवरीला संकोच वाटतो, ते ती विचारून घेते आणि रात्री दोन शब्द बोलायला जवळ असते. पण तेवढ्याने परके घर निम्मे आपले होते. यंत्रविद्येच्या आणि संगणकाच्या जगात पाऊल टाकणाऱ्या मुलीलाही अशी पाठराखीण लागते, आणि ती परदेशातली असली तरी चालते, हे आज सांगावयाचे आहे.

तुम्ही म्हणाल, मुलगी हुशार आहे, पदवी मिळवील, नोकरीला लागेल. मग मध्ये ही पाठराखीण कशाला? याचे उत्तर आपल्या कडेगावातच आहे. मोहरमचे उंचच उंच ताबूत बांधण्याचे कसब नुसते पुस्तक वाचून अंगी येईल का? ते जाणत्यांच्या हाताखालीच यायचे. प्रत्येक विद्येचा असा एक न लिहिलेला भाग असतो. अर्ज कसा लिहावा, बैठकीत शंका केव्हा काढावी, पगाराची गोष्ट कशी बोलावी, मूल झाल्यावर पुन्हा कामावर उभे कसे राहावे, हे कोणत्याही परीक्षेत विचारीत नाहीत. पुरुषांना त्यातले पुष्कळसे चहाच्या टपरीवर कळते. कारखान्यात एकट्या असणाऱ्या बाईला ते कोण सांगणार?

काहींना ही सोबत घरातच मिळते. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. संस्थेतून स्थापत्य अभियंता झाल्या. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे नामांकित पूलबांधणीकार. पुढे शकुंतलाबाईंनी अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले आणि पतीसह सुट्या भागांच्या जोडणीने उभे राहणारे पोलादी पूल बांधले. पण ज्या मुलीच्या घरात अभियंता नाही, गावात नाही, नात्यातही नाही, तिने काय करावे?

तिच्यासाठी एक जुनी हकीकत आठवू या. गोपाळराव जोशी कोल्हापुरात टपालखात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत होईल काय, असे त्यांनी तिकडे लिहून विचारले. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. त्यांची ना ओळख ना देख. तरी १८८० साली त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडले. पत्रांतून माया जडली, आणि १८८३ साली आनंदीबाई बोटीने निघाल्या त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्याबरोबर जपानची एक आणि सीरियाची एक अशा विद्यार्थिनीही होत्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात निवर्तल्या. एका अनोळखी बाईने लावलेला दिवा इथवर आला, पण दुसरी वात लावायला आनंदीबाईंना आयुष्यच मिळाले नाही.

विद्युत अभियांत्रिकीत मात्र तो दिवा पुढे गेला. मद्रासच्या ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात तान्ही मुलगी. वडिलांनी गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात धाडले आणि १९४३ साली त्या विद्युत अभियंता झाल्या. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्यांची व शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या. पाठीशी इथली कोणतीही संघटना नव्हती. पण परत येऊन त्या गप्प बसल्या नाहीत. १९६७ साली दुसरी परिषद इंग्लंडात केंब्रिज येथे व्हायची होती. त्यांनी इथल्या स्त्री-मासिकांतून तिची माहिती पसरवली. त्या परिषदेला भारतातून पाच स्त्री अभियंत्या गेल्या. एकीच्या पाच झाल्या! परदेशी ओळखीचं खरं मोल हे असं मोजायचं.

आता बोटीची गरज उरलेली नाही. संगणकक्षेत्रातल्या स्त्रियांचा ग्रेस हॉपर यांच्या नावाचा मेळावा अमेरिकेत १९९४ साली सुरू झाला. २०१० पासून तो भारतातही भरू लागला. कडेगावातली मुलगी हातातल्या फोनवर परदेशच्या अभियंतीशी समोरासमोर बोलू शकते. अडचण असते ती पहिल्या पत्राची.

ते पत्र कसे लिहावे? ‘मला मदत करा’ एवढेच लिहिले, तर वाचणारीला काय करावे ते कळत नाही. मी कोण, स्वतःच्या हाताने काय केले, आणि माझा एक नेमका प्रश्न कोणता, एवढे तीन मुद्दे पुरेत. इंग्रजी साधे असले तरी हरकत नाही. उत्तर आले, तर सांगितलेले करून पाहावे आणि काय झाले ते कळवावे. नाते त्या दुसऱ्या पत्राने जुळते.

आणि हे नाते म्हणजे नुसती याचना नव्हे, ती देवघेव आहे. टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आपल्या दुष्काळी रानात येते. वीज गेली की शेतकऱ्याचे काय होते, पाण्याची पाळी चुकली की घरात काय बोलणी होतात, हे इथल्या मुलीला ठाऊक असते. पंपाचे किंवा पाणीवाटपाचे गणित मांडणाऱ्या परदेशी अभियंतीला ते कुठून ठाऊक असणार? आपल्याजवळ द्यायला काही आहे, हे मुलीने आधी ओळखले पाहिजे.

आईबापांनी एवढंच करावं: ‘तिकडच्या बाईशी काय बोलतेस?’ असं दरडावू नये. शेजारी बसून ऐकावं, म्हणजे काळजीही राहत नाही. आणि जी मुलगी कऱ्हाड, सांगली, पुणे गाठील, तिने वर्षातून एक दिवस आपल्या जुन्या शाळेत येऊन खालच्या वर्गातल्या एकीचा हात धरावा. पाठराखीण जन्मभर सासरी राहत नाही. चार दिवसांनी परतते. त्या चार दिवसांत जे मिळाले, ते पुढच्या नवरीला देणे आपल्या हाती आहे.